फिट 7 मिनिटांची, भीती 32 दिवसांची



मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी कधी केली नाही, पण वही घालायची सवय सुटली नाही. दुधाची वही, किराण्याची वही, दानाची वही. गेल्या वर्षी त्यात आणखी एक वही आली, माझ्या नातीच्या आजाराची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, फिट कधी आली, किती वेळ राहिली, आदल्या रात्री झोप किती झाली, गोळी चुकली का, पाळी कधी आली, सगळं लिहून ठेवा. मी लिहीत गेले. डिसेंबरअखेर हिशेब मांडला तेव्हा तो असा निघाला. जूनपासून फिट आल्या 3. तिन्ही मिळून वेळ सुमारे 7 मिनिटं. शाळा बुडाली 41 दिवस. त्यातले 9 दिवस कोल्हापूरच्या फेऱ्या, तपासण्या आणि फिटनंतरचा थकवा यांचे. उरलेले 32 दिवस ती ठणठणीत होती, फक्त घाबरलेली होती.

त्या 32 दिवसांबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्यातल्या बऱ्याच दिवसांना कारण आम्ही मोठी माणसं होतो. मी तर होतेच.

नात 15 वर्षांची, दहावीचं वर्ष. जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, परिपाठाच्या रांगेत ती पडली. हातपाय ताठ झाले, झटके आले, तोंडाला फेस. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी मुठीत किल्ली कोंबली. दोन मिनिटांत सगळं थांबलंही. आम्हाला वाटलं, उपाशी गेली असेल, चक्कर आली असेल. जुलैत पहाटे झोपेत दुसरी आली, तेव्हा मात्र सूनबाईनं मोबाइलवर चित्रण केलं. त्या वेळी मला तिचा रागच आला होता. पुढे डॉक्टर म्हणाले, निदानाला सगळ्यात जास्त उपयोग त्या चित्रणाचा झाला. ईईजी दोन फिटांच्या मधल्या काळात नॉर्मलही येऊ शकतो. डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन मोलाचं असतं.

नाट्याहून मेंदूचे डॉक्टर गाठायचे म्हणजे रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर. माझं माहेर तिकडचं, म्हणून आम्ही राजापूर, ओणी, अणुस्कुरा घाट करत कोल्हापूरला गेलो. घाटाचा रस्ता, त्यात पाऊस. डॉक्टरांनी एमआरआय पाहिला, गाठ वगैरे काही नाही म्हणाले, आणि शब्द उच्चारला, एपिलेप्सी. आपण ज्याला अपस्मार म्हणतो, आकडी म्हणतो, फेफरं म्हणतो ते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी बोलतात, त्यात अचानक एकदम गोंगाट उठतो, तो म्हणजे फिट. 24 तासांहून जास्त अंतरानं, ताप किंवा मार असं तात्कालिक कारण नसताना दोन फिट आल्या की निदान करतात. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं. नात खाली मान घालून ऐकत होती. मी मनात नवस बोलत होते.

परतीच्या वाटेवर, घाट उतरताना, मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "हे आपल्यातच ठेवायचं हं. कुणाला सांगू नकोस." मायेनं म्हटलं होतं. पण मुलीनं त्यातून काय घेतलं? की आपल्याला काहीतरी लाजिरवाणं झालं आहे. डॉक्टरांच्या खोलीत तिला आजार मिळाला आणि गाडीत माझ्याकडून लाज.

त्यानंतर ती बदलली. आधी वाटलं आजारामुळे. शाळेला निघताना पोट दुखायचं. रात्री दिवा मालवू द्यायची नाही. खाडीवर मैत्रिणींबरोबर जायची, ते बंद. आम्हाला वाटे, तिला मरणाची भीती वाटते. एकदा पावसात वीज गेली होती, दोघीच ओटीवर बसलो होतो, तेव्हा ती बोलली. मरणाचं तिच्या मनातही नव्हतं. पडल्यावर स्कर्ट वर गेला असेल का? कपडे ओले झाले होते ते मुलांनी पाहिलं का? कुणी चित्रण करून पाठवलं तर? परीक्षेच्या हॉलमध्ये आली तर पेपरचं काय? मोठ्यांच्या आणि मुलांच्या भीतीत एवढा फरक असतो. आम्ही तिला "काही होत नाही गं" म्हणत होतो, पण ती ज्याला घाबरत होती ते एकदा होऊन गेलेलं होतं.

आता माझ्या मोठ्या चुकीकडे येते. इथे आपली घरं थोडी, त्यामुळे दशलक्षण पर्वात आम्ही जमेल तेव्हा खारेपाटणच्या मंदिरात जातो, नाहीतर घरीच पूजा आणि वाचन. तुम्हाला माहीत आहे, दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो. नवव्या दिवशी नववा अध्याय, त्यात ध्यानाचे प्रकार येतात. आर्तध्यानाचे चार भेद आहेत. नको ते वाट्याला येणं, हवं ते दूर जाणं, वेदनेचंच चिंतन आणि पुढच्या भोगांची आस. वाचन झाल्यावर एक ओळखीच्या बाई नातीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "बघ, तू सारखी आजाराची काळजी करतेस ना, तेच आर्तध्यान. त्यानं तिर्यंचगतीचा बंध पडतो. आणि आजार तरी काय, असातावेदनीयाचा उदय. तप कर, निर्जरा होईल."

बाई वाईट नाहीत. आपण सगळ्याच असं बोलतो. पण मुलीनं रात्री ठरवून टाकलं, अनंत चतुर्दशीचा उपवास करायचा, तोही निर्जळ. मला विचारलं. आणि मी, गोळ्यांची वही ठेवणारी बाई, खूश झाले! माझ्या सासूबाईंच्या मागे घरात असा उपवास कुणी केला नव्हता. सूनबाई म्हणाली, गोळ्यांचं काय? मी म्हटलं, एका दिवसानं काय होतं. रात्री उशिरापर्यंत आरती, भक्ती, जागरण. दोन वेळच्या गोळ्या चुकल्या, अन्नपाणी नाही, झोप नाही. दुसऱ्या दिवशी पारण्याआधी, मी मुगाचं पाणी करत असताना, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच तिसरी फिट आली. तीन मिनिटं. जीभ चावली गेली, हनुवटीला दोन टाके पडले.

डॉक्टरांना फोन लावला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, गोळी चुकली होती का. फिट परत येण्याची सगळ्यात नेहमीची कारणं त्यांनी मागेच सांगितली होती, चुकलेली गोळी आणि अपुरी झोप. माझ्या वहीत ती दोन्ही माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. आजारी मुलाला गोळी चुकवून उपवास करू देणं हे तप नाही. सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्तप ही भावना आहे, आपण दरवर्षी पूजेत म्हणतो. शक्तीप्रमाणे तप. शक्ती म्हणजे फक्त निर्धार नव्हे, शरीराचीही. श्वेतांबर भगिनींकडे तर पच्चक्खाण घेतानाच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या असतात आणि त्यात आजारात मनाची समाधी ढळू नये म्हणून औषध घेण्याची सवलत आहे. आपल्या आचार्यांनी आधीच विचार करून ठेवला आहे, आपणच त्यांच्याहून कडक व्हायला बघतो. मी पुढे एका माताजींना विचारलंही. त्या म्हणाल्या, तिला एकाशन करू दे, एखादा रस सोडू दे, मौन करू दे, औषध चुकवू नको.

रात्रीच्या गोळीचा प्रश्न तुमच्यापैकी अनेकींच्या घरी असेल. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्या घरात रात्री नऊची गोळी कशी घ्यायची? उत्तर सोपं निघालं, डॉक्टरांना विचारायचं. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीत महत्त्वाचं काय, तर बारा तासांचं अंतर. आमच्या डॉक्टरांनी वेळ सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा करून दिली. हिवाळ्यात सूर्य सहालाच बुडतो, तेव्हा काही मिनिटं इकडेतिकडे होतात. होऊ देत. ते पाणी मी देते, दोष असला तर माझ्या खात्यावर. प्रत्येक औषधाचं गणित वेगळं असतं, काही गोळ्या रात्रीच द्यायच्या असतात, तेव्हा आपल्या मनानं वेळा बदलू नका.

राहिली कर्माची गोष्ट. असातावेदनीयाचा उदय म्हणायला माझी ना नाही. पण 15 वर्षांच्या मुलीच्या तोंडावर ते म्हटलं की तिला ऐकू येतं, तुझंच काहीतरी चुकलं. आणि घाबरलेल्या मुलीला "घाबरलीस तर पशुगती मिळेल" असं सांगणं म्हणजे भीतीवर भीतीचं लिंपण. आर्तध्यान आपलं आपण ओळखायचं असतं, दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवायचं नसतं. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. औषधदानाच्या पावत्या आपण फाडतो, अभयदान म्हणजे पांजरपोळ एवढंच मनात येतं. घरातल्या लेकराला अभय कोण देणार?

तिसऱ्या फिटनंतर शाळा पार थांबली. तेव्हा मी डॉक्टरांना वहीतल्या शाळेच्या गैरहजेरीचं पान दाखवलं. इतके दिवस आम्ही त्यांना फक्त फिटा सांगत होतो, भीतीबद्दल बोललोच नव्हतो. ते म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं. अपस्मार असलेल्यांमध्ये चिंता आणि उदासी इतरांपेक्षा जास्त आढळते, हा आजाराचाच भाग धरायचा, स्वभावाचा दोष नाही. काहींच्या बाबतीत तर फिट सुरू होतानाच पोटातून अचानक भीतीची लाट येते, ती भीती म्हणजेच फिटची सुरुवात असते. आणि तिसरी गोष्ट ऐकून मला चटका बसला. तिला जी गोळी होती, लेव्हेटिरासिटाम, ती चांगली आहे, पण काही जणांमध्ये चिडचिड, रडू, अस्वस्थता वाढवते. आम्ही महिनाभर तिला "फार उलट बोलायला लागली आहेस" म्हणून ओरडत होतो! डॉक्टरांनी औषधात हळूहळू बदल केला. औषध आपण होऊन बंद मात्र कधी करायचं नाही, एकदम बंद केलं तर फिटांवर फिटा येऊ शकतात.

मुलींच्या आयांनी आणखी एक विचारून घ्यावं. सोडियम व्हॅल्प्रोएट हे जुनं, गुणकारी औषध आहे, पण गरोदरपणी ते चालू असेल तर बाळाला व्यंग येण्याचा आणि बुद्धीच्या वाढीत अडचण येण्याचा धोका असतो. म्हणून वयात आलेल्या मुलींसाठी शक्यतो दुसरा पर्याय पाहतात. चालू असेल तर घाबरून थांबवू नका, पुढच्या भेटीत विषय काढा.

भीतीसाठी नाट्यात समुपदेशक कुठून आणायचा? सरकारची टेलिमानस नावाची मोफत सेवा आहे, 14416 हा नंबर, मराठीत बोलता येतं. सूनबाईनं लावला. पहिले दोन वेळा नात बोललीच नाही, तिसऱ्यांदा अर्धा तास खोलीत बसून बोलली. काय बोलली ते आम्ही विचारलं नाही. त्यातून एक पद्धत मिळाली, भीतीच्या पायऱ्या करायच्या. सगळ्यात सोपी खाली, अवघड वर. आमची पहिली पायरी न्हाणीघराची होती. दाराला कडी लावायची नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, पण कडी नाही म्हणून तिला लाज वाटे. शेवटी दारावर एक पाटी अडकवली, आत कोणी असलं की उलटी करायची. मी बाहेर मटार सोलत बसे आणि ती आतून गाणं म्हणे. गाणं थांबलं की मी हाक मारायची. मग दुकानापर्यंत एकटी. मग अर्धा दिवस शाळा. मग पूर्ण. आंबोळगडचा किनारा शेवटची पायरी होती, तिथे ती डिसेंबरात गेली, पाण्यात गुडघ्यापर्यंत, सोबत काकाला घेऊन. एकटीनं पोहायचं नाही, विहिरीच्या काठावर जायचं नाही, उकळत्या तेलाच्या कढईशी एकटीनं उभं राहायचं नाही, एवढीच बंधनं. बाकी आम्ही घातलेली मोबाइलबंदी काढली. लखलखत्या प्रकाशानं फिट येते ती थोड्याच रुग्णांना, ईईजीत ते तपासतात, तिला ते नव्हतं.

श्वासाचं आपल्या घरात नवीन काही शिकावं लागलं नाही. कायोत्सर्गात 27 श्वासोच्छ्वासांत 9 वेळा णमोकार मंत्र, एका मंत्राला तीन श्वास. परिपाठाच्या रांगेत छाती धडधडायला लागली की ती मनात तेवढंच करते. याला ती प्रार्थना समजते की व्यायाम, मी विचारलेलं नाही. मात्र कुणीतरी सुचवलेली भस्त्रिका आणि कपालभाती डॉक्टरांनी नको म्हटली. ईईजी काढताना मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, कारण काहींच्या बाबतीत त्यानं फिट सुरू होते.

आता सांगण्याबद्दल. शाळेत सांगायचं ठरलं तेव्हा घरात वाद झाला. मी विरोधात होते, हे कबूल करते. नातीनंच निर्णय घेतला, आधी दोन मैत्रिणींना, मग वर्गशिक्षिकांना. बाईंनी तिच्या परवानगीनं वर्गाला दहा मिनिटं समजावलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी ठेवा, घड्याळ बघा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका, कांदा आणि चप्पल घरी ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर लगेच दवाखान्यात. एका मैत्रिणीनं स्वतःहून सांगितलं, मी तुझा स्कर्ट नीट करीन आणि अंगावर ओढणी टाकीन. ज्या भीतीनं 32 दिवस खाल्ले तिला उत्तर एका मुलीनं एका वाक्यात दिलं. आजोबांनीही आपलं उत्तर शोधलं होतं, 1992 च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करायला झेपावणारा जाँटी ऱ्होड्स, त्यालाही अपस्मार आहे. नातीला तो कोण हेच माहीत नव्हतं, मग दोघांनी बसून ती झेप पाचसहा वेळा पाहिली.

एका नातेवाईक बाईंचा फोन आला. "बाहेर बोलू नका, उद्या लग्नाचं बघायचंय." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, मुलीच्या आजीला ती असतेच. पण माहिती तरी पूर्ण असावी. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता, आणि हा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. 1999 च्या दुरुस्तीत अपस्माराचा तो शब्द काढून टाकला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं हा आजार लग्नाच्या आड येत नाही. लपवून केलेलं लग्न मात्र फसवणूक म्हणून कोर्टात जाऊ शकतं. मग लपवण्यानं सुरक्षित कोण झालं? पुण्यात यशोदा वाकणकर आहेत, डॉ. अनिल अवचटांच्या कन्या. लहानपणापासून अपस्मार, पुढे मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी संवेदना फाउंडेशन नावाचा अपस्मार असलेल्यांचा आधारगट उभा केला, लग्नं जुळवण्याच्या कामातही हात घातला आणि आपल्या आजाराबद्दल स्वतःच्या नावानं मराठीत लिहिलं. मी त्यांच्याबद्दल नातीला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "त्यांच्या आजीनं लपवायला सांगितलं नव्हतं का?" मी भाजी चिरत राहिले.

औषधांचा एक व्यवहार सांगून टाकते, घरचा भाग म्हणून. पावसाळ्यात घाटात दरड पडते, इथल्या दुकानात हवी ती गोळी हवी तेव्हा असतेच असं नाही. म्हणून 15 दिवसांच्या गोळ्या कायम जास्तीच्या ठेवते, डब्यावर संपायची तारीख लिहून. दुकानदारानं "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलत नाही.

जानेवारीपासून वहीत फिटचा रकाना कोरा आहे. भीतीचा नाही. बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री ती दोनदा उठली, सकाळी ओकली, तरी गेली. गोळी, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी कंपासपेटीशेजारी ठेवून.

हा लेख तिला दाखवूनच टाकते आहे. दोन ठिकाणी मी "बिचारी" लिहिलं होतं, तिनं खोडलं. नाव घालू नकोस म्हणाली. मी विचारलं, मग गावाचं नावही काढू का? तर म्हणे, "गाव राहू दे आजी, गावाला माहीतच आहे."